अंड्यांच्या दिवसांतलं बदक

अंडी घालायचे दिवस जवळ आले की ते आधी बदकाच्या आवाजात कळतं. पोटाचा घेर नंतर वाढतो, चाल नंतर जड होते. एरवी सकाळी दार उघडल्यावर चार हाका, खाणं दिसलं की दोन, आणि मग दिवसभर आपसातली बारीक कुजबुज, एवढंच ज्यांचं बोलणं, त्या माद्या एकाएकी पहाटे आणि दिवेलागणीला एका सुरात, एका लयीत, न थांबता ओरडायला लागतात. जवळ गेलं तर दूर पळतात, दूर गेलं तर मागे मागे येतात. कालपर्यंत मांडीला टेकून बसणारी आज बोटाला चोच मारते. बहिणींसारख्या एकत्र वाढलेल्या दोघी एका कोपऱ्यावरून एकमेकींच्या मानेची पिसं उपटायला निघतात.

बदकं पाळणारा प्रत्येक जण या दिवसांत कधी ना कधी कपाळाला हात लावतो. भूक लागली असेल म्हणून खायला घालतो, घाबरली असेल म्हणून उचलून घेतो, आणि काहीच लागू पडलं नाही की वैतागून तिच्यावरच खेकसतो. या सगळ्यांना मला कळकळीने सांगायचंय की तिला गप्प करण्याच्या मागे लागू नका, तिचे आवाज वेगवेगळे ओळखायला शिका. या दिवसांत तिच्या अंगावर जे काम येऊन पडलेलं असतं त्याचा पसारा एकदा लक्षात आला, की चिडचिड निम्म्याने ओसरते. आपली तरी नक्कीच.

आधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. तो दणदणीत 'क्वॅक' मादीचा असतो. नराचा आवाज घोगरा, दबका, घसा बसल्यासारखा असतो, कारण त्याच्या स्वरयंत्राच्या डाव्या बाजूला हाडाचा एक पोकळ फुगवटा असतो, जो मादीला नसतो. पिल्लं मोठी होताना नर-मादी ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. नराच्या शेपटीवरचं वळलेलं पीस उगवायच्या आधीच आवाज फुटलेला असतो. मस्कोव्ही बदकं यात बसत नाहीत. ती वेगळ्याच जातीची, त्यांच्या माद्या बारीक चिवचिवतात आणि नर फुसफुसतात. बाकी आपण पाळतो ती जवळपास सगळी बदकं मॅलार्ड या जंगली बदकापासून आलेली. त्यामुळे घरच्या मादीचं वागणं समजून घ्यायचं तर मॅलार्डच्या मादीकडेच जावं लागतं.

जंगली मॅलार्ड मादी घरट्याची जागा शोधत असते तेव्हा संध्याकाळच्या संधिप्रकाशात आणि पहाटे ती अशीच सलग ओरडते. अंडी घालणारा, जमिनीवर घरटं करणारा, कोल्ह्यापासून कावळ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडचा घास असलेला पक्षी एवढा बोभाटा का करेल, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे. एक तर्क असा मांडला गेला आहे की ती मुद्दाम ओरडून आसपासच्या शिकाऱ्यांना चाहूल देते आणि कोण कुठून बाहेर येतं ते पाहून ती जागा घ्यायची की सोडायची हे ठरवते. तर्क खरा असो वा नसो, तो वाचल्यापासून माझी कबरी नावाची मादी कुंपणाच्या कडेने मान ताठ करून, दर दोन पावलांवर थांबून, एक डोळा वर आणि एक खाली ठेवून ओरडत फिरते तेव्हा मला ती तपासणी करत असल्यासारखीच दिसते. तिला माहीत नाही की इथे कोल्हा नाही. तिच्या अंगातल्या ज्ञानाला हे कळवायची काही सोय नाही.

दुसरा आवाज उतरता. पहिला क्वॅक सगळ्यात मोठा आणि लांब, पुढचे एकामागून एक लहान आणि हळू होत जाणारे. हा हाकेचा आवाज. जोडीदार किंवा मैत्रीण नजरेआड झाली की हा येतो. याला उत्तर म्हणजे हरवलेलं बदक समोर आणणं, बाकी काही नाही.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. मादी आपल्या नराच्या शेजारी उभी राहते आणि मान पुन्हा पुन्हा खांद्यावरून मागे वळवत तुटक तुटक ओरडते, जणू परक्या नराकडे बोट दाखवून "याला हाकल" म्हणते आहे. कॉनराड लॉरेन्स यांनी बदकांच्या अशा हालचालींचा जातवार तौलनिक अभ्यास केला होता. १९७३ साली प्राण्यांच्या वर्तनावरच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी ते एक. त्यांनी टिपून ठेवलंय की मॅलार्ड मादी ही मान मागेच वळवते, मग परका नर मागे असो की समोर. म्हणजे तिला राग कुणाचा आला आहे हे डोळ्यांना कळतं, पण मान ठरलेल्या वळणावरच जाते. नर जवळ नसेल तर माझी कबरी हेच नाटक ठकी या माझ्या दुसऱ्या मादीच्या शेजारी उभी राहून माझ्या चपलांच्या दिशेने करते. नवख्या माणसाला हे बदक बिथरलंय असं वाटेल. ते बिथरलेलं नसतं, हजारो पिढ्यांपासून चालत आलेलं एक कलम ते जसंच्या तसं म्हणून दाखवत असतं.

हे सगळं सुरू कशाने होतं? उजेडाने. ऊन, पाऊस, खाणं यांचा थोडाफार हात असतो, पण कळ दाबतो तो वाढत जाणारा दिवस. यातली नवलाची गोष्ट अशी की त्यासाठी बदकाला डोळ्यांची गरज लागत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात बदकांवरच प्रयोग करून दाखवलं की डोळे नसलेल्या नरांचे वृषणही दिवस लांबवल्यावर वाढतात. पुढे कळलं की पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पिसांतून, कातडीतून, कवटीतून झिरपलेला उजेड त्यांना पुरतो. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि महिनोन् महिने आक्रसून पडलेला अंडाशय काही आठवड्यांत फुलून येतो. अंडाशयही एकच, डाव्या बाजूचा. उजवा बहुतेक पक्ष्यांत वाढतच नाही.

म्हणून खुराड्यात रात्री दिवा लावून ठेवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. अंड्यांसाठी बदकं पाळणारे दिवस १४ ते १६ तासांचा व्हावा म्हणून दिवा लावतात, त्यांचा हिशोब वेगळा. पण ज्याला घरातली बदकं शांत आणि निरोगी हवी आहेत त्याने अंगणातला, व्हरांड्यातला, रस्त्यावरचा कोणता दिवा रात्रभर खुराड्यात डोकावतो हे एकदा अंधार पडल्यावर जाऊन बघावं. कितीतरी घरांत बदकांचा मोसम लवकर सुरू होतो, संपता संपत नाही, आणि कारण असतं भिंतीवरचा एक बल्ब. फट बुजवा, बाजू बदला, पण वारा अडवू नका. बदकांच्या खुराड्यात ओल आणि अमोनियाचा वास फार लवकर साठतो.

आता त्या कामाच्या पसाऱ्याबद्दल. एक अंडं तयार व्हायला जवळपास पूर्ण दिवस लागतो. बलक सुटतो, त्याभोवती काही तासांत पांढरं चढतं, आणि उरलेला बहुतेक सगळा वेळ कवच चढण्यात जातो, बराचसा रात्रीत. बदकं अंडी घालतात ती साधारणपणे पहाटे ते सकाळी लवकर. कवचाला लागणारं कॅल्शियम एका रात्रीत खाण्यातून पुरेसं मिळत नाही, म्हणून मोसमाआधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास भुसभुशीत हाड तयार होतं. तो तिचा कॅल्शियमचा साठा. रोज रात्री ती स्वतःच्या हाडांतून काढून कवच घडवते आणि रोज दिवसा ते भरून काढायला खाते. दोन किलोची मादी सत्तर ग्रॅमच्या आसपासचं अंडं देते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त, दिवसाआड नाही, रोज. अशा अंगाने कुणी संध्याकाळी तुसडं वागलं तर त्याला स्वभाव म्हणायचं का?

आणि हे रोजचं आहे त्याला कारण आपण आहोत. जंगली मादी साधारण ८ ते १३ अंडी घालते, मग थांबते आणि उबवायला बसते. तिचं ओरडणं, जागा शोधणं, नराला चिथावणं हे सगळं काही आठवड्यांत आटोपतं, कारण घरटं भरलं की अंगातली संप्रेरकं पुढच्या कामाला लागतात. माणसाने निवड करत करत जी बदकं घडवली त्यांचं घरटं कधी भरतच नाही. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केली. तिच्या चांगल्या माद्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात, आणि खुडूक बसण्याची सवय त्यांच्यातून जवळपास गेली आहे. रनर या जातीच्या बदकांचंही तसंच. म्हणजे जी बेचैनी जंगलात थोड्या दिवसांची असते ती आपण महिनोन् महिने ताणून ठेवली आहे. अंडी आपण उचलतो, ती पुन्हा घालते. घरटं रिकामं दिसतं, ती पुन्हा ओरडते. पाळीव बदकाच्या आवाजाबद्दल तक्रार करताना एवढं तरी आपल्या खात्यावर मांडायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एखादी मादी घरटं करताना जवळ बसून बघावी. कबरी पेंढ्याच्या कोपऱ्यात शिरते ती उलटी, शेपटीकडून. छाती जमिनीला घासत गोल फिरते, पायांनी खालचा भुसा मागे लोटते, खळगा होतो. मग समोरची एक काडी चोचीत धरून पाठीवर टाकते. बरीचशी काडी घसरून पडते. पडलेलीच पुन्हा उचलते, दुसऱ्या बाजूने टाकते. अशा काड्या अंगावर, बाजूला, मागे पडत पडत तिच्याभोवती कठडा उभा राहतो. अचानक उठते, बाहेर येते, चार घसघशीत हाका मारते, पाणी पिते, पुन्हा आत. अंडं बाहेर यायच्या आधीची शेवटची मिनिटं ती अजिबात ओरडत नाही. शेपूट वर-खाली होते, पिसं फुलतात, डोळे अर्धे मिटतात. अंडं घालून झालं की लगेच उठत नाही, त्यावर पेंढा ओढून ते झाकते. मग बाहेर येऊन पंख फडफडवते आणि थेट पाण्याकडे पळते.

या सगळ्यात कुणी मध्ये आलं की भडका उडतो. शेजारी तसंच दुसरं खोपटं रिकामं असतानाही ठकीला नेमकं कबरीचंच हवं असतं. त्यावर उपाय म्हणजे आणखी सुंदर खोपटं बांधणं नव्हे. दोन जागा एकमेकींपासून लांब, एकीतून दुसरी दिसणार नाही अशा, जमिनीलगत, आतून अंधाऱ्या आणि तीन बाजूंनी बंद ठेवा. प्रत्येकीत एक लाकडी किंवा चिनी मातीचं खोटं अंडं ठेवा. बदकाला अंडं असलेली जागा विश्वासाची वाटते, त्यामुळे ती घरभर, बागभर जागा शोधत ओरडत फिरण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. सकाळी खुराड्याचं दार थोडं उशिरा, अंडी घालून झाल्यावर उघडलं तर झुडपात लपवलेल्या अंड्यांचा शोधही वाचतो.

पहाटेच्या ओरडण्यासाठी माझा भर वेळापत्रकावर असतो. दार रोज एका वेळी उघडायचं, ओरडलं म्हणून पाच मिनिटंही आधी नाही. बदकं फार चटकन शिकतात. ओरडल्याबरोबर माणूस धावत आला आणि हातात खाऊ होता, एवढं दोनदा झालं तरी पुरे. मग ते ओरडणं मोसमाचं राहत नाही, मागणीचं होतं, आणि ते वर्षभर टिकतं. मी आवाज ऐकून जाते जरूर, पण रिकाम्या हाताने. बघते, मोजते, एक शब्द न बोलता परत येते. खाऊ द्यायचा तो ती शांत असताना. खुराड्यात रात्रीही डोकं बुडेल एवढं पाणी हवं, कारण चोच आणि नाकपुड्या धुता आल्या नाहीत की बदक अस्वस्थ होतं, आणि अस्वस्थ बदक काय करतं ते सांगायला नको.

एकटं बदक पाळू नये, हे मी कुणालाही, कितीही वेळा सांगायला तयार आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मॅलार्डवरच्या एका अभ्यासात दिसलं की रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतात. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा पहारा देतो. मधली बदकं निवांत दोन्ही डोळे मिटतात. एकट्या बदकाला मधली जागा मिळतच नाही. त्याला चारही बाजू कडेच्याच. अशी मादी मोसमात रात्री-अपरात्री ओरडली तर तिच्यासाठी दुसरं बदक आणणं हाच इलाज. माणसाच्या हातावर वाढलेल्या एकट्या मादीचं तर आणखी अवघड. जोडीदाराला मारायची उतरती हाक ती आपल्याला मारते, आणि आपण दाराआड गेलो की तिचा जीव कासावीस होतो.

शेजाऱ्यांशी मोसम सुरू व्हायच्या आधी बोलून ठेवावं. कधी ओरडतील, का ओरडतील, साधारण कधी कमी होईल हे सांगितलं की माणसं बरीच समजून घेतात. कारण माहीत असलेला आवाज कमी टोचतो. खुराडं शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीकडून हलवता येत असेल तर हलवावंच.

नरांबद्दल थोडक्यात, कारण उपाय एकच आहे: वेगळं ठेवणं. मोसमात नराचं डोकं ताळ्यावर नसतं. चार ते सहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण सांभाळलं तरी एखादीवरच सगळा भार पडू शकतो. मादीच्या मानेच्या मागची पिसं विरळ झाली, कातडी दिसायला लागली, डोळ्याजवळ खपली दिसली, ती पाण्यात उतरायला कचरायला लागली, की थांबायचं नाही. जाळीच्या पलीकडे त्याची जागा करायची, एकमेकांना दिसतील, ऐकू येतील, पण पोचता येणार नाही अशी. हातावर वाढलेला नर या दिवसांत माणसाच्या पायांवरही धावून येतो. त्याला लाथेने उडवू नये आणि खेळही समजू नये. शांतपणे पाठीवर हात ठेवून खाली दाबून धरावं, तो निवला की सोडावं. मोसम सरला की हाच नर पुन्हा गरीब गाय होतो.

खुडूक बसणं हा या सगळ्याचा वेगळाच अध्याय. सगळ्या माद्या बसत नाहीत, पण बसली की ओळखायला वेळ लागत नाही. ती घरट्यात चपटी होऊन पसरते, छातीचा मऊ पिसारा स्वतःच उपटून अंड्यांभोवती लावते, हात नेला की सगळी पिसं उभारून फुसकारते आणि एक तुटका, किरकिरा, फाटका आवाज काढते. बाहेर आली की फुगलेल्या अंगानेच फिरते, नराला जवळ फिरकू देत नाही, घाईघाईत खाते, पाण्यात दोन डुबक्या मारते, एक भलीमोठी दुर्गंधी विष्ठा टाकते आणि परत जाते. ठकी बसते तेव्हा मला तिच्या जवळून जाताना पावलांचा आवाज न करण्याची सवय आपोआप लागते. इथे आपल्याला निर्णय घ्यावा लागतो. पिल्लं हवी असतील आणि अंडी फळलेली असतील तर २८ दिवस तिला तिचं काम करू द्यावं. मस्कोव्हीला ३५ लागतात. पिल्लं नको असतील तर मात्र तिला आशेवर बसवून ठेवू नये. न फळलेल्या अंड्यांवर ती २८ दिवसांनंतरही बसून राहते, वजन घटवते, अशक्त होते. अंडी काढून घ्यावी, घरट्याची जागा बंद करावी, तिला मैत्रिणींबरोबर उघड्या, उजेडाच्या, पेंढा नसलेल्या जागेत ठेवावं, पोहायला भरपूर पाणी द्यावं. काही दिवसांत ती उतरते. त्या काही दिवसांत ती जे ओरडते ते ऐकवत नाही, हेही खरं. पण अर्धवट दया दाखवून संध्याकाळी घरटं पुन्हा उघडून देणं तिच्यासाठी जास्त त्रासाचं.

खाण्याकडे मोसमात बारकाईने बघावं लागतं. प्रथिनं १६ ते १८ टक्के असलेलं अंड्यांवरच्या पक्ष्यांचं खाद्य, आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा. वेगळ्या भांड्यात अशासाठी की जिला गरज आहे ती बरोबर तेवढंच घेते. नरांना आणि अंडी न घालणाऱ्यांना ते जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला जड जातं. बदकांना नायसिन हे ब-३ जीवनसत्त्वही कोंबड्यांपेक्षा जास्त लागतं, त्यामुळे कोंबड्यांचं खाद्य देत असाल तर ते पुरवणारं ब्रुअर्स यीस्ट मिसळावं.

एवढं आवाजाबद्दल बोलले, पण मला झोपेतून उठवते ती शांतता. मोसमात एखाद्या सकाळी एक आवाज कमी आला तर मी चहा ठेवून आधी खुराड्याकडे जाते. गेल्या मोसमात कबरी अशीच मागे राहिली होती. दार उघडल्यावर बाकीच्या पाण्याकडे धावल्या, ती पाय फाकवून, शेपूट खाली सोडून, भिंतीशी जवळजवळ सरळ उभी होती. दर थोड्या वेळाने अंग आवळायची, शेपूट हलवायची, काहीच व्हायचं नाही. चोच किंचित उघडी. मी हाक मारली तर नुसतं पाहिलं. अंडं अडकलं होतं.

अशा वेळी अर्धा दिवस वाट बघू, असं म्हणू नये. कोमट पाण्याच्या टबात पोट बुडेल असं बसवावं, मग कोरडं करून उबदार, अंधाऱ्या, एकांत जागी ठेवावं, आणि हे करत असतानाच पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांना गाठावं. पोट दाबून अंडं ढकलायचा प्रयत्न करू नये. आत फुटलं तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, आणि दुपारी मऊ सालीचं, सुरकुतलेलं एक अंडं बाहेर पडलं. कॅल्शियम कमी पडणं, अंडं फार मोठं असणं, पहिलाच मोसम, अंगावर चरबी, थंडी, यातलं काहीही कारण असू शकतं. ज्या माद्यांना हे वारंवार होतं त्यांच्यासाठी काही डॉक्टर कातडीखाली संप्रेरकाची एक बारीक गोळी बसवतात, तिने काही महिने अंडी थांबतात. कबरीच्या बाबतीत ते करावं असं माझं आणि डॉक्टरांचं ठरलं. तिला अंडी न घालता जगायचा हक्क आहे. माझ्यासाठी ती अंडी देण्याच्या आधीपासून कबरी आहे.

त्यामुळे दोन आवाजांतला फरक ओळखा, असं मी म्हणते तेव्हा त्यात बिनआवाजाचाही समावेश आहे. ओरडणारं, भांडणारं, चोच मारणारं, खाणारं बदक बहुधा ठीक असतं. न ओरडणारं, न भांडणारं, कोपऱ्यात उभं राहिलेलं बदक ठीक नसतं, मग ते कितीही शहाण्यासारखं दिसो.

मोसम एका दिवसात संपत नाही. अंडी आधी एक दिवसाआड होतात, मग तीन दिवसांनी, कवचं थोडी पातळ लागतात, पहाटेचं ओरडणं अर्ध्यावर येतं. आणि मग एक दिवस अंगणभर पिसंच पिसं दिसतात. जुनी पिसं झडून नवी उगवायला लागतात. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांची बनलेली, त्यामुळे अंडी थांबली म्हणून खाद्य लगेच हलकं करू नये. नराचा रंगही या दिवसांत उतरतो, तो मादीसारखा मळकट दिसायला लागतो आणि जाळी काढायला हरकत नसते. बदकं चिडचिडी असतात, पण वेगळ्या कारणाने: नव्या पिसांच्या नळ्यांत रक्त भरलेलं असतं, आणि तिथे दाबलं की दुखतं. तेव्हा उचलणं, कुरवाळणं बंद. पंखांवरच्या नळ्या उकलून पिसं पुरती पसरली की मगच मी एकेकीला वजनकाट्यावर ठेवते, पायाचे तळवे बघते, छातीचं हाड चाचपते. ठकी दर वेळी काट्यावरच विष्ठा टाकते. तेवढं वजन वजा करून आकडा वहीत लिहायचा, आणि जी जास्त उतरली असेल तिचं खाद्य वाढवायचं.